दारासमोरची फळी

भावनाच्या साखरपुड्यात तिच्या मामेसासऱ्यांचा पाय आमच्या व्हरांड्याच्या जमिनीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. भावना माझी धाकटी लेक. साखरपुडा फेब्रुवारीत झाला, लग्न मे महिन्यात, आणि साल होतं दोन हजार तेवीस.

परतूर स्टेशनाच्या पलीकडं कापसाची एक जुनी जिनिंग होती. माझे मालक रामकिसन तिथं फिटर होते. जिनिंग बंद पडली तेव्हा मॅनेजरचा बंगला घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून तो आमच्याकडं आला. बंगला म्हणायचा एवढंच. दोन खोल्या, मागं धुण्याचा हौद आणि पुढं लांब व्हरांडा. या व्हरांड्याला फरशी नव्हती. सागवानी फळ्यांची जमीन होती, खाली आडव्या कड्या आणि कड्यांच्या खाली हातभर पोकळी. तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळी. मॅनेजरनं ती डासांसाठी लावली होती, आम्हाला वानरांसाठी कामी आली. इतक्या वर्षांच्या पावलांनी फळ्या मधोमध झिजून ताटलीसारख्या खोलगट झाल्या होत्या, आणि कडेच्या एकदोन तर आतून भुसभुशीत.

मामेसासरे वजनदार माणूस. हातात चहाची बशी धरून ते उठले आणि कडेच्या फळीवर उभे राहिले. फळी मोडली. चहा धोतरावर, पाय पोकळीत. नवरदेवाकडचा एकजण ओरडला, "मामा, सोयरीक पक्की झाली! आता पाय काढता यायचा न्हाई!"

सगळे हसले. मामाही हसले. माझा थोरला, कल्याण, तोही हसला. त्यानंच मामांना बगलेत धरून बाहेर काढलं, त्यांचा पाय स्वतःच्या हातानं धुतला. पण मी त्याची आई. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या.

पाहुण्यांची जीप वळणावरून गेली. कल्याणनं जाळीचं दार आतून लावलं, मोडलेल्या फळीचा तुकडा उचलला आणि त्याच्या बायकोच्या, प्रीतीच्या, पाठीत घातला.

"किती डाव सांगितलं, इथं पाणी सांडू नको म्हणून? सडवली ना? लोकात माझी इज्जत घालवली ना?"

दुसरा तडाखा तिनं हातावर घेतला. तुकड्याला खिळा तसाच होता. त्यानं कोपरापासून मनगटापर्यंत कातडं उलगडलं. मी मध्ये पडले, तर त्यानं मला एका हातानं असं ढकललं की माझं तोंड भिंतीवर आपटून ओठ फुटला. त्यांची लेक अर्पिता, सात वर्षांची, पेढ्यांचं ताट छातीशी धरून दारात उभी होती. ती रडली नाही. ताट खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

दमल्यावर कल्याणनं तुकडा फेकला. म्हणाला, "लग्नाच्या आधी ही जमीन नवी पाहिजे. बिलकुल नवी. महेमूद सुताराला बोलवा."

कल्याण वाळूच्या टिप्परवर होता. सीटखाली लोखंडी टॉमी ठेवायचा, चाकं काढायची ती, आणि चाकांपेक्षा ती माणसांवर जास्त चालायची असं लोक सांगत. त्याच्या वारलेल्या बापानं जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. हे त्याच्यात कुठून आलं मला आजही सांगता येत नाही. लहानपणी तो याच व्हरांड्यात फळीला कान लावून पालथा झोपायचा. म्हणायचा, "आये, गाडी येऊन राह्यली, लाकूड सांगून राह्यलंय." आणि थोड्या वेळानं खरंच रेल्वेची शिट्टी ऐकू यायची.

लाकूड आम्हालाही सांगायचं. जाळीच्या दारातली पहिली फळी नुसती हुं करायची. मधल्या कुरकुरायच्या. आतल्या दारासमोरची फळी सगळ्यात झिजलेली, तिच्यावर पाय पडला की ती किंचाळायची. कल्याण शुद्धीत असला की भिंतीच्या कडेनं यायचा, तिथं फळ्या गप्प असत. पिऊन आला की सरळ मधून. पहिली फळी हुं करताच प्रीतीचे हात थांबत. मधल्या दोन बोलल्या की ती उठून आतल्या दाराची कडी घाली आणि अर्पिताला मागच्या दारानं जुबेदाकडं पाठवी. जुबेदा म्हणजे महेमूदची बायको, आमच्या मागंच राहते. दारासमोरची फळी किंचाळेपर्यंत दार बंद झालेलं असे. मग तो लाथा घाली, शिव्या देई आणि शेवटी तिथंच पडून घोरायला लागे. सकाळी उठून चहा मागे, आणि प्रीती देई.

प्रीती अंबडची, बारावी झालेली. मला अक्षरं तिनंच शिकवली, याच व्हरांड्यात बसून, तूर निवडता निवडता. तिला तीन वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिन्ही वेळा तो कडेनं आला होता. पिऊनही कडेनं, आणि दारासमोरची फळी किंचाळली तेव्हा ती कडीपासून लांब होती.

महेमूद एप्रिलात आला. दाढी पांढरी, पण हात अजून पहारीसारखे. माझ्या मालकांच्या बरोबरीनं तो जिनिंगमध्ये सुतार होता, म्हणून मला भाभी म्हणायचा. एक फळी उचकटून त्यानं उलटी केली, तिच्यावरची धूळ पंजानं पुसली आणि माझ्याकडं बघून हसला.

"गिरिजाभाभी, बघा. वरून म्हातारी, खालून नवरी."

खालची बाजू खरंच कोरी होती. लालसर, सरळ, कुणाचा पाय न लागलेली.

"नवं लाकूड कशाला आणता? सगळ्या फळ्या पालथ्या करतो. सडल्या तेवढ्याच बदलू. रंधा मारला की आरसा. अजून तुमच्या पणतवंडाला पुरतील."

"आवाज?" प्रीतीनं विचारलं. ती आतल्या दारात उभी होती, हाताला पट्टी, चिघळलेली जखम अजून भरली नव्हती.

"कसला आवाज? चिडीचूप. महेमूदची जमीन कुरकुरत न्हाई, बेटी."

संध्याकाळी भाकरी थापता थापता प्रीती मला म्हणाली, "आत्याबाई, आता कळायचं कसं?"

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मलाही तोपर्यंत हे सुचलं नव्हतं. मी लग्नाचा, पाहुण्यांचा, चकाकणाऱ्या जमिनीचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी महेमूदला बाजूला घेतलं. "महेमूदभाई, दारासमोरची एक फळी बोलती ठेवा."

"म्हणजे?"

"पाय पडला की ओरडली पाहिजे. पहिल्यासारखी."

तो चिडला. "भाभी, उद्या लग्नाला सारं गाव येईल. कुणी केलं काम म्हणतील? महेमूदनं. अन् ऐन दारात फळी बोंबलल? माझी बेइज्जती करता का?"

तेवढ्यात प्रीती चहा घेऊन आली. कप पुढं करताना पट्टी वर सरकली आणि खिळ्यानं केलेली रेघ मनगटापर्यंत दिसली. महेमूदनं ती बघितली. कप घेतला, एका घोटात संपवला, तोंड पुसलं.

"दारासमोरची ना?" तो म्हणाला. "खालच्या मधल्या कडीला ठोकत न्हाई. दोन्ही टोकांना खिळा मारतो, पण ढिला. पाय पडला की लाकूड खिळ्याला घासल. इतकं बोंबलल की माझ्या घरात ऐकू येईल." मग प्रीतीकडं न बघता म्हणाला, "अन् मी पण ऐकल."

उरलेल्या एका जाड तुकड्याचं त्यानं मला धोपाटणं करून दिलं, धुणं बडवायला. मूठ माझ्या हाताच्या मापाची. "तुमच्या घरातलंच लाकूड हाय, तुमच्याच हातात राहू द्या," म्हणाला.

काम झालं त्या दुपारी कल्याण टिप्पर घेऊन घरी आला. शुद्धीत होता. बुटासकट जमिनीवर चढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. एकही फळी बोलेना. त्याचा चेहरा उजळला. मग आतल्या दारासमोर पाय पडला आणि फळी किंचाळली.

तो थांबला. पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा किंचाळली.

"हे काय?"

"लाकूड हाय, कल्याणबाबा," महेमूद हत्यारं गोळा करत म्हणाला. "उन्हाळ्यात आकसतं. पाऊस पडला की फुगल, आपोआप गप बसल."

"बाकीच्या आकसल्या न्हाईत?"

"एखादी जादा आकसते."

कल्याण त्याच्यापुढं उकिडवा बसला. महेमूदचा उजवा हात पटाशी उचलायला जमिनीवर टेकला होता. कल्याणनं उठता उठता त्या हातावर बूट ठेवला आणि सगळं वजन दिलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. महेमूदच्या कपाळावर घाम फुटला, पण तो ओरडला नाही.

"कुणी सांगितलं तुला? माझ्या बायकोनं का माझ्या आईनं?"

"कुणी न्हाई. लाकूड हाय."

"चाचा, तू खोटं बोलून राह्यला."

"पावसाची वाट बघ, बाबा. मंग बोल."

कल्याणनं बूट काढला. "वाट बघतो. पाऊस पडल्यावर ही बोलली, तर दुसऱ्या हाताची बोटं घेऊन जातो." आणि शीळ घालत न्हायला गेला.

महेमूदची दोन बोटं मोडली होती. जुबेदानं मला त्या दिवशी दारात उभं केलं नाही. "तुमच्या घरच्या भांडणात माझ्या नवऱ्याचे हात का?" असं विचारलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच मागच्या दाराची कडी काढून ठेवली, अर्पितासाठी.

फळीनं तिचं काम केलं. पुढच्या आठवड्यात दोनदा तो भर दुपारी पिऊन आला, कडेनं चोरासारखा. पण दारासमोर आल्याशिवाय आत जाता येत नाही. फळी किंचाळली, आता दाराजवळच बसणाऱ्या प्रीतीनं दार लोटून कडी घातली. त्यानं दारावर टॉमी मारून एक फळका फोडला. तिकडून महेमूद मोडका हात गळ्यात अडकवून, दुसऱ्या हातात पहार घेऊन पुढं जाळीपाशी येऊन उभा राहिला. कल्याण त्याला बघून हसला, पण निघून गेला.

मग लग्न आलं. आदल्या दिवशी हळद. महेमूद त्या दिवशी सेलूला हाडवैद्याकडं हात दाखवायला गेला होता, नाहीतर त्यानं आम्हाला अडवलं असतं. भावनाला पाटावर बसवायचं कुठं, तर आतल्या दारासमोर, तिथं वारा लागतो. वस्तीतल्या बायका आल्या. जुबेदाही आली, राग विसरून. हळद, करडीचं तेल, त्यावर तांब्यानं पाणी, आणि नुसता गोंधळ. जुबेदानं मागून येऊन कल्याणच्या दोन्ही गालांना हळद फासली. आम्ही सगळ्या त्याच्या हातांकडं बघायला लागलो. पण तो हसला, लहानपणी हसायचा तसा, आणि म्हणाला, "चाची, माझं लग्न झालंय, आता किती डाव करता?" बायका हसून हसून जमिनीवर बसल्या.

सगळ्या गेल्यावर जमीन पिवळी झाली होती. ती मी आणि जुबेदानं धुतली, पुसली. वाटीत तेल पुष्कळ उरलं होतं. जुबेदा म्हणाली, "टाकायचं कशाला? लकड्याला लावू, उद्या चमकल." आम्ही फडक्यानं ते फळ्यांना चोळलं. दारासमोर सगळ्यात जास्त, कारण तिथं पाहुण्यांची नजर जाणार होती. तेल फटींतून खाली उतरलं, खिळ्यांपर्यंत. लाकूड उन्हानं तहानलेलं होतं, ते प्यालं.

जमीन खरोखर आरशासारखी झाली. लग्नात सगळ्यांनी तिची तारीफ केली. मामेसासरे मुद्दाम बूट काढून मधून चालले आणि कल्याणच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, आता आम्हाला गिळायचा विचार न्हाई ना तुमच्या जमिनीचा?" कल्याण सगळ्यांबरोबर हसला. मी त्याच्या कानांकडं बघितलं. त्या गर्दीत, बँडमध्ये, शंभर माणसं त्या फळीवरून आत-बाहेर झाली. ती बोलते की नाही हे कुणाच्या लक्षात येणार? लग्न झाल्यावर आम्ही घरातले सगळे मागच्या दारानंच वावरलो, कारण पुढं मंडपाचं सामान पडलं होतं.

प्रीतीचा भाऊ लग्नाला आला होता. चार लोकांसमोर म्हणाला, "दाजी, ताईला अन् अर्पिताला महिनाभर अंबडला नेतो." चार लोकांसमोर कल्याण हो म्हणाला. प्रीतीनं मला हळूच सांगितलं, "आत्याबाई, मी परत येणार न्हाई. तिथं शिवणक्लास हाय, मी बघते काहीतरी. तुम्ही पण या." मी म्हणाले, "तू जा. मी इथंच बरी." भाऊ सोमवारच्या गाडीनं न्यायला येणार होता. प्रीतीला फक्त तोपर्यंत जगायचं होतं.

सोमवारी दुपारी मी हौदावर लग्नातल्या चादरी धूत होते. अर्पिता माझ्याजवळ पाण्यात पाय सोडून बसली होती. प्रीती आतल्या दाराच्या उंबऱ्यात पाठमोरी बसून पिशवी भरत होती. मंडपाचं सामान सकाळीच गेलं होतं, पुढचा व्हरांडा मोकळा होता. कान उघडे होते तिचे. ती फळीच्या भरवशावर बसली होती.

मला काहीच ऐकू आलं नाही. आधी फळीचा आवाज यायला पाहिजे होता, मग कडीचा. त्याऐवजी एकदम ओल्या कपड्यावर धोपाटणं पडावं तसा आवाज आला, पण धोपाटणं तर माझ्या हातात होतं. मग दुसरा तसाच आवाज. मग प्रीती ओरडली, आणि तिसऱ्या आवाजाबरोबर तिचं ओरडणं मध्येच तुटलं.

अर्पिताला म्हणाले, "जुबेदाआजीकडं पळ." मागचं दार पिशव्यांनी अडलं होतं. मी घराला वळसा घालून पुढं पळाले. जाळीचं दार उघडं होतं. कल्याण माझ्याकडं पाठ करून उभा होता. प्रीती उंबऱ्यात पडली होती, एक हात कोपरात उलटा वळलेला, कानातून रक्त. कपडे सगळीकडं, महिन्याभराचे नाहीत, तिचे होते नव्हते तेवढे सगळे. तो टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलत होता आणि शांतपणे म्हणत होता, "परत न्हाई यायचं म्हणती? परत न्हाई यायचं?"

मी पहिल्या फळीवर पाय ठेवला. ती बोलली नाही. मधल्या फळ्याही बोलल्या नाहीत. माझे पाय ओले, अनवाणी. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मी दारासमोरच्या फळीवर उभी राहिले, माझं सगळं वजन तिच्यावर होतं, आणि तीही गप्प राहिली. ती ओरडली असती तर त्यानं वळून बघितलं असतं. त्याचं तोंड दिसलं असतं तर माझा हात उठला नसता, हे मला पक्कं माहीत आहे.

मी धोपाटणं त्याच्या डोक्यात मागून मारलं. तो गुडघ्यावर आला. टॉमी अजून हातात होती आणि प्रीती त्याच्यासमोर होती. मी परत मारलं.

तो पालथा पडला, एक कान फळीला लागलेला. बोटं थोडा वेळ जमिनीवर हलत होती. रक्त तेलावरून पाण्यासारखं पसरलं, फळीत मुरलं नाही. जुबेदा धावत आली आणि तिनं आधी माझ्या हातातून धोपाटणं सोडवलं. महेमूद मागून आला. त्यानं एक पाऊल दारासमोरच्या फळीवर ठेवलं, पुन्हा ठेवलं, मग वाकून बोटानं लाकूड चाचपलं आणि बोट हुंगलं. जुबेदाकडं बघितलं.

पोलीस आले तेव्हा प्रीतीला रिक्षात घालत होते आणि ती फुटक्या तोंडानं सांगत होती, "मी मारलं. माझ्याच हातून झालं." मी म्हणाले, "तिचा हात बघा, साहेब. त्या हातानं कुणाला मारता येईल का? मी मारलं. माझा मुलगा आहे तो." महेमूदनं सांगितलं की धोपाटणं त्यानं बनवलं आहे. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी आठ महिने आत होते. आता जामिनावर आहे, तारखेला जाते. प्रीती वाचली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, म्हणून अंबडच्या तिच्या खोलीत ती उजवा कान दाराकडं करून शिलाई मशीनवर बसते. अर्पिता तिच्याजवळ आहे. महेमूदनं आपल्या दोन वाकड्या बोटांनी दारासमोरची फळी काढून परत बसवली, सगळ्या कड्यांना ठोकून, खिळे घट्ट. ती आता कधीच बोलणार नाही, आणि बोलायची गरजही नाही.

माझा मुलगा कल्याण, वय छत्तीस, सोमवारी बावीस मेला माझ्या हातून जखमी झाला आणि गुरुवारी, पंचवीस मे दोन हजार तेवीस रोजी, सकाळी जालन्याच्या दवाखान्यात मेला.